ओढायचं नाही, सोबत पळायचं

गेल्या अंकात आमच्या अंधशाळेच्या स्पोर्ट्सबद्दल चार ओळी काय लिहिल्या, व्हॉट्सॅपवर प्रश्नांची रांगच लागली. काही व्हॉइस नोट आहेत, एक तर दुसऱ्या शाळेतल्या पोराने टॉकबॅक, म्हणजे मोबाईलवरचं वाचून दाखवणारी सोय, लावून टाईप केलेला आहे, त्याचं शुद्धलेखन मी तपासलेलं नाही, माझंही तुम्ही तपासू नका. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो, मी सोलापुरात निवासी अंधशाळेत पीटी घेतो, राहायला तिथंच होस्टेलवर, आणि मला स्वतःला उजव्या डोळ्याने समोर माणूस आहे की खांब एवढंच कळतं. ते पण कधीकधी चुकतं, खांबाला नमस्कार घालून झालाय माझा.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, जन्मापासून दिसत नाही. गावातल्या शाळेत नाव आहे पण नुसता बसून परत येतो. सगळे म्हणतात अंधशाळेत घाला, पण सासूबाई म्हणतात लेकराला अजून भात कालवून भरवावा लागतो, तिथं कोण बघणार, पडला झडला तर काय. मला रात्री झोप येत नाही. — एक आई, मंगळवेढा तालुका

ताई, पडणार तो. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर भांडण नको. पहिल्या महिन्यात गुडघा फुटणार, कपाळाला एखादं टेंगूळ येणार, आणि त्याच महिन्यात तो स्वतःच्या हाताने भात कालवायला पण शिकणार, दोन्ही एकदमच होतं.

कसं होतं ते सांगतो. नवीन पोरगं आलं की पहिले काही दिवस आम्ही त्याला शिकवत काहीच नाही, फक्त भिंत दाखवतो. हाताची उलटी बाजू भिंतीला लावून चालायचं, सरळ पंजा लावला तर बोटं दाराच्या फटीत नाहीतर खिळ्यात अडकतात म्हणून उलटी. कॉटपासून दारापर्यंत किती पावलं, मग पाण्याचा माठ, मग संडास बाथरूम, मग मेस. होस्टेलचे दोन नियम मात्र फार कडक आहेत, एक म्हणजे दार एकतर पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद, अर्धवट उघडं दार म्हणजे कपाळमोक्ष, आणि दुसरा म्हणजे बादली वाटेत ठेवायची नाही. ज्याची बादली वाटेत सापडेल त्याने रात्री सगळ्यांसमोर गाणं म्हणायचं. आमच्याकडं दोन पोरं अशी आहेत की ती मुद्दाम बादली ठेवतात, त्यांना गायची हौस आहे, त्यांचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

आणि जेवणाचं. ताट म्हणजे घड्याळ समजायचं. भाकरी सहाला, म्हणजे स्वतःच्या पोटाजवळ, भाजी बाराला, शेंगा चटणी तीनला, आमटीची वाटी नऊला. आठ वर्षांच्या पोराला घड्याळ माहीत नसतं की हो, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, आमची बरीच पोरं घड्याळ ताटावरच शिकतात आणि नंतर कधीतरी हातात काच उघडणारं ब्रेल घड्याळ आलं की बोट फिरवून म्हणतात, सर, चटणीवर काटा आलाय.

सरकारी बाजू थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के आणि त्याच्यावर दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि जवळची साधी शाळा घ्यायची की विशेष शाळा ही निवड घरच्यांची. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते काढा, पुढं सगळीकडं तेच मागतात. तुमच्या गावच्या शाळेत ब्रेल शिकवणारे विशेष शिक्षक खरोखर येत असतील तर पोरगं घरी राहून शिकलं तरी माझी काही हरकत नाही. पण नुसता बसून येतो असं तुम्हीच लिहिलंय, त्यात सगळं आलं.

शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून चहा पिऊन परत येऊ नका. संध्याकाळी पाच वाजता जा आणि ग्राऊंडवर पोरं आहेत का बघा. सगळी पोरं खोलीत कॉटवर बसून डुलत असतील तर दुसरी शाळा बघा. हे डुलणं, डोळे बोटाने दाबणं, तुमचा पण करत असेल, घरोघरी असतं. अंगाला काम नसलं की ते वाढतं असं मी तरी बघत आलोय.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची, अंधशाळेत सहावीला आहे. मॅडमचा फोन आला की तिला शंभर मीटरला उतरवणार. तिला अजिबात दिसत नाही हो. मी नाही म्हणून सांगितलं तर ती माझ्याशी बोलेना झालीय. न दिसता पळतात तरी कसं? — एक वडील, अक्कलकोट रोड

काका, तुम्ही नाही का म्हणलात ते मला कळतं. मी चौथीपर्यंत साध्या शाळेत होतो, कुठली ते जाऊ द्या, तिथं पीटीच्या तासाला मला सगळ्यांच्या चपलांपाशी बसवायचे. चपला सांभाळ म्हणायचे. चार वर्षं मी चपला सांभाळल्या, एक सुद्धा हरवली नाही. चांगल्या मनाने बसवलं होतं त्यांनी, पोरगं पडू नये म्हणून, त्यामुळे राग तरी कुणावर काढायचा. पण मी पहिल्यांदा जीव खाऊन पळालो तेव्हा दहा वर्षांचा होतो, अंधशाळेच्या मुरमाच्या ग्राऊंडवर, आणि आपल्याला एवढा दम लागू शकतो हे त्या दिवशी कळलं.

आता पळतात कसं ते बघा. ज्यांना कधीच दिसलेलं नाही ती पोरं सुरुवातीला मागे रेलून पळतात. पोट मागं, पाय पुढं, एक हात समोर, कारण पुढं काय आहे ते आधी पायाला कळलं पाहिजे, तोंडाला नको. असं कुणी जोरात पळूच शकत नाही. म्हणून आम्ही आधी वायरवर पळवतो. ग्राऊंडच्या कडेने दोन खांबांमध्ये कंबरेएवढ्या उंचीवर तार ताणलीय, तारेत एक लोखंडी कडी आहे, कडीला दोरीचा तुकडा. पोरीने दोरी धरायची आणि सुटायचं, कडी तारेवरनं सर्रर्र करत सोबत येते. शेवटाच्या अलीकडे तारेला चिंध्या गुंडाळल्यात, तिथं कडी अडखळते, म्हणजे आता थांब. पहिल्या दिवशी चालतात, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी पण चालतात, आणि मग एखाद्या सकाळी कडीचा आवाज बदलतो, खरखर जाऊन सणसणीत शिट्टीसारखा येतो. मला लांबून पोर दिसत नाही, पण त्या आवाजावरनं कळतं की हिने समोरचा हात खाली घेतला आणि अंग पुढं टाकलं.

त्याच्यानंतर माणूस. मोठ्या स्पर्धांत पूर्ण अंध खेळाडूंचा गट टी-११, थोडं दिसणाऱ्यांचे टी-१२ आणि टी-१३. टी-११ मध्ये सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, कुणाला उजेडाचा फायदा नको म्हणून, सोबत गाईड रनर, म्हणजे वाट दाखवत पळणारा डोळस माणूस असतो, दोघांच्या मध्ये आखूड दोरी आणि जोडीला मिळून दोन लेन. टी-१२ मध्ये गाईड हवा का नको ते खेळाडूच्या मर्जीवर. कर्नाटकची रक्षिता राजू टी-११ मध्ये अशीच पळत २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकला १५०० मीटरपर्यंत पोचली, त्याच्या आधी आशियाई पॅरा स्पर्धेत दोनदा सुवर्ण. त्याच पॅरिसला सिमरन शर्माने टी-१२ मध्ये २०० मीटरला कांस्य घेतलं, गाईड अभय सिंह. तुमच्या मुलीला लगेच पॅरिसला न्यायचं कुणी म्हणत नाही, शंभर मीटर आहे, पंचवीस तीस सेकंदाचा मामला.

एक गोष्ट मात्र मॅडमना नक्की विचारा, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलंय का. ज्यांचा नंबर फार मोठा आहे, पडद्याचा त्रास आहे किंवा काचबिंदू आहे अशा पोरांना उड्या, डोक्याला धक्का बसणारे खेळ डॉक्टरना विचारल्याशिवाय द्यायचे नसतात, जी थोडीशी नजर उरलीय ती पण जाऊ शकते. यात आम्ही अजिबात ढिलाई करत नाही. आणि अंगाचा, केसांचा रंग जन्मतः पांढरा असलेली लेकरं असतात, त्यांना सोलापूरच्या उन्हात नऊनंतर ग्राऊंडवर आणायचंच नाही, फेब्रुवारीत पण नाही. आमची प्रॅक्टिस पहाटे साडेपाचला असते ती त्यामुळेच, मे महिन्यात तर सातला सुद्धा मुरूम तापतो.

डॉक्टर हो म्हणले तर तुम्ही स्पर्धेला जा, पण पोर पळताना ओरडू नका. हे गंमत म्हणून नाही सांगत. लहान पोरांना पळताना कधीकधी गाईड नसतो, समोरून कॉलर म्हणजे हाक मारणारा माणूस हाक मारतो, टाळी वाजवतो, पोर त्या आवाजावर पळतं. एका ठिकाणी आम्ही पोरं घेऊन गेलो होतो, आयोजक हौशी, पाहुणे आले म्हणून शिट्टी वाजली त्याच क्षणाला डीजे लावला. कॉलरचा आवाज गेला, पाच पोरं पाच दिशांना, एक तर सरळ मंडपात शिरलं आणि सत्काराच्या नारळांवर जाऊन पडलं. लोक हसले. पोरगं पण हसलं तेव्हा, रात्री गाडीत रडलं.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, पार्कवर रोज पळतो, शंभर मीटर १२ सेकंदाच्या आसपास मारतो. मला गाईड रनर व्हायचंय, काय करावं लागेल? — टी.वाय. बी.एस्सी., जुळे सोलापूर

ये की. उद्या ये. पहाटे साडेपाच म्हणलं की निम्मे कटतात म्हणून वेळ आधीच सांगितली.

तुझा स्पीड चांगला आहे, कारण गाईड खेळाडूपेक्षा थोडा जास्तच पळणारा लागतो, त्याला पळता पळता बोलायचं पण असतं. वळण आलं, दहा राहिले, आता खेच, असं सगळं त्या दमातच. पहिले पंधरा दिवस पळायचं नाही, नुसतं सोबत चालायचं, खेळाडूचा डावा पाय तेव्हा तुझा उजवा, हात आरशातल्यासारखे हलले पाहिजेत, नाहीतर दोरीला हिसका बसतो. दोरी आम्ही विकत आणत नाही. सोलापुरात टॉवेलला काय तोटा, जुन्या टॉवेलचा काठ फाडून वळायचा, दोन टोकांना दोन फासे, ताणत नाही आणि बोटाला काचत पण नाही. नियमात सुद्धा ताणणारी दोरी चालत नाहीच.

मुख्य नियम म्हणजे ओढायचं नाही, ढकलायचं नाही आणि शेवटच्या रेषेवर तू त्याच्या पुढं जायचं नाही. नवीन गाईड इथंच मार खातात, टेप समोर दिसली की अंगात येतं आणि छाती पुढं काढतात, संपलं, जोडीच बाद. आणि दोरी सुटू द्यायची नाही. पॅरिसला स्पेनची एलेना काँगोस्त मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती, शेवटच्या काही मीटरवर तिच्या गाईडच्या पायात गोळा आला, त्याला सावरायला म्हणून तिने क्षणभर दोरी सोडली, तिला बाद ठरवलं. नियम म्हणून बरोबर असेल, मला अजून पटत नाही.

एक प्रॅक्टिकल गोष्ट, वारं सुटलं की आवाज वाहून जातो, तेव्हा जास्त जवळून बोलावं लागतं. आणि जानेवारीत गड्ड्याची यात्रा लागली की पाळण्यांचे, दुकानांचे भोंगे रात्री उशिरापर्यंत, पोरं जत्रेला जाऊन जागून येतात, त्या आठवड्यात प्रॅक्टिसची अपेक्षाच ठेवू नको. आम्ही पण जातो.

प्रश्न : सर मी नववीत आहे आणि अंधशाळेत राहतो मला काहीच दिसत नाही म्हणजे बी१ आमच्या शाळेत क्रिकेटमध्ये थोडं दिसणारी मुलं कायम बॅटिंग घेतात आणि मला लांब उभं करतात बॉल येतच नाही तिकडं मी काय करू

वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात ना, ते तुमच्या होस्टेलवर चाललंय. आमच्याकडं पण होतं, आणि खरं सांगायचं तर शाळेत असताना ती लंगडी गाय मी होतो. थोडं दिसायचं म्हणून मी कॅप्टन, मीच ओपनिंग, अंपायर पण मीच. आता तुला सांगताना लाज वाटते.

तुझ्या हातात नियम आहे तो वापर. अंधांच्या क्रिकेटमध्ये अकरा जणांत कमीत कमी चार बी१ लागतातच, त्याशिवाय टीम होत नाही. बी१ च्या बॅटमधनं निघालेली प्रत्येक रन डबल धरतात. आणि बी१ फिल्डरने एक टप्पा पडलेला बॉल पकडला तरी कॅच. म्हणजे तुला लांब उभं करणारा कॅप्टन स्वतःच्या टीमचं नुकसान करालाय, हे त्याला हिशेब करून दाखव, तू बारा काढल्यास की चोवीस. बॉलरने रेडी विचारायचं, तू यस म्हणायचं, मग त्याने प्ले म्हणून हात खालून बॉल सोडायचा, यातलं एक जरी राहिलं तर बॉल खेळू नको, भांड. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या मुलींनी कोलंबोला अंध महिलांचा पहिलाच टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला, फायनलला नेपाळ, उपकर्णधार गंगा कदम आपल्या महाराष्ट्राची. पुरुषांनी तर २०१२, २०१७ आणि २०२२ असा तीनदा जिंकलाय. त्या टीममध्ये पण बी१ होतेच की.

तरी ऐकेनात तर सरांना गोलबॉल सुरू करायला सांग. दुसऱ्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ साली निघालेला खेळ आहे, १९७६ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे, आणि यातली खरी मजा म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी. तीन तीन जण, आत घुंगरू असलेला सव्वा किलोचा बॉल, जमिनीवरनं सरपटत फेकायचा आणि समोरच्यांनी आडवं पडून अंगाने अडवायचा. १८ बाय ९ मीटरची जागा लागते. आम्ही प्रार्थनेच्या हॉलमध्ये थोडं लहान करून बसवलं, फरशीवर सुतळी आणि वरनं चिकटपट्टी, म्हणजे हाताला पायाला रेषा लागते. पहिल्याच मॅचला आमचे बॅटिंगवाले सगळे भाई पट्टी बांधल्यावर उलटीकडं तोंड करून बसले होते.

प्रश्न : राग मानू नका, पण नोकऱ्या नाहीत, त्यात अंध मुलांना खेळात वेळ घालवू देण्यापेक्षा कॉम्प्युटर, मसाज, संगीत शिकवा ना. — एक निवृत्त अधिकारी, होटगी रोड

राग नाही मानला. कॉम्प्युटर शिकवतो, एनव्हीडीए म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्याच्यावर पोरं आमच्यापेक्षा फास्ट आहेत, तो आवाज एवढा जोरात पळवतात की मला एक शब्द कळत नाही. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, त्यात दृष्टिहीनांचा वाटा आहे, त्याचा अभ्यास पण करतात. पण परीक्षा पास झालेला पोरगा एसटी स्टँडवर एकटा उतरून रिक्षा करून ऑफिसला जाऊ शकत नसेल तर त्या नोकरीचं काय करणार साहेब? आमच्या एका पोराला बँकेत लागल्यावर घरच्यांनी वर्षभर रोज सोडायला आणायला माणूस ठेवला होता. तो पोरगा ग्राऊंडवर कधी आलाच नव्हता, पहिला यायचा वर्गात. बाकी तुम्हीही एकदा पाच वाजता या.

प्रश्न : मुलाचा वाढदिवस अंधशाळेत साजरा करायचा आहे. केक चालेल का? — विजापूर रोड

चालेल, पण एक सांगू का, रागावू नका. जानेवारी महिन्यात आमच्याकडं एवढा तिळगूळ येतो की पोरं नावं ठेवतात, जून जुलैत कुणी फिरकत नाही. आणि पोरांना रांगेत बसवून फोटो काढायचे, मग दादा धन्यवाद म्हणा, हे आमच्या मोठ्या पोरांना अजिबात आवडत नाही. तुमच्या मुलाला घेऊन या, त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून गोलबॉलला बसवू, हरला तर केक कापायचा चान्स जाणार. केकऐवजी स्पोर्ट शूज आणले तर फारच बरं, साइज आधी विचारा, मागच्या वेळी कुणीतरी एकाच नंबरचे पंधरा जोड आणले होते.

प्रश्न : घरी सुट्टीत मुलाला खेळायला आवाजाचा बॉल पाहिजे, कुठं मिळेल? — मोहोळ

ऑनलाइन मिळतो, पण येईपर्यंत सुट्टी संपते. कुठलाही बॉल घ्या, प्लॅस्टिकची कडक, चुरचुरणारी कॅरीबॅग असते बघा, त्यात घालून गाठ घट्ट मारा, झाला. अंगणात छान आवाज येतो. फक्त बॉल थांबला की आवाज पण थांबतो, मग पोरगं गुडघ्यावर बसून हाताने चाचपून शोधतं, त्याला शोधू द्या, तिकडं तिकडं म्हणून ओरडू नका, त्याला तिकडं म्हणजे कुठं ते कळत नाही. डावीकडं दोन पावलं असं सांगा, ते पण त्याने विचारलं तरच. पिशवी दोन दिवसांत फाटते, घरात जपून ठेवलेल्या सगळ्या पिशव्या जाणार आणि पॅन्टचे गुडघे पण, एवढं धरून चाला.